बारातून सात

शाळा सुटली आहे, मुलं घरी गेली आहेत. हिरोशिमा प्रांतातल्या त्सुता या प्राथमिक शाळेत लहान वर्गांना शिकवणाऱ्या शिक्षिका एकत्र बसल्या आहेत आणि बराच वेळ एकाच मुद्द्यावर बोलत आहेत. दहाच्या पुढच्या संख्येतून दशक मोडून वजाबाकी करायला पहिलीतली मुलं पहिल्यांदाच शिकणार आहेत. त्या पहिल्या तासाला उदाहरण कोणतं द्यायचं? बारातून सात घ्यायचे, की दुसरी एखादी जोडी घ्यायची? ठरवायचं आहे एकच उदाहरण, आणि ते पंचेचाळीस मिनिटांच्या एका तासासाठी. पण त्यासाठी या शिक्षिका एकदा भेटून थांबत नाहीत, पुन्हा भेटतात, लिहिलेलं खोडतात, पुन्हा लिहितात.

हे आपल्याला कळलं ते माकोतो योशिदा या संशोधकांमुळे. १९९०च्या दशकात ते या शाळेत जाऊन बसले, शिक्षिकांच्या बैठका त्यांनी बारकाईनं टिपल्या आणि त्यावर शिकागो विद्यापीठात प्रबंध लिहिला. पुढे २००४मध्ये क्लीया फर्नांडिस यांच्यासोबत त्यांनी याच शाळेची हकिकत पुस्तकरूपानं मांडली. शिक्षिकांचं अखेर १२ − ७ या उदाहरणावर एकमत झालं. गिंको नावाच्या झाडाची पानं पंख्याच्या आकाराची असतात आणि शरद ऋतूत पिवळीधमक होतात. ती पानं आणि त्यांवर काढलेले घरच्या माणसांचे चेहरे यांच्या गोष्टीत ही वजाबाकी गुंफली गेली.

ही हकिकत पहिल्यांदा वाचली तेव्हा मी थबकलो. बारातून सात गेले की पाच उरतात, यात इतकं बोलण्यासारखं काय आहे? म्हणून कागद घेतला, त्यावर १२ − ७ लिहिलं आणि सहा वर्षांचं मूल हे किती प्रकारांनी करू शकेल, ते मांडायला बसलो. कागद भरला, तरी प्रकार संपेनात.

एखादं मूल बारा खडे मांडेल, सात बाजूला सारेल आणि उरलेले मोजेल. दुसरं मूल बारापासून मागे मोजत येईल: अकरा, दहा, नऊ, आठ, सात, सहा, पाच. पण त्यानं सुरुवातच 'बारा' म्हणून केली, तर सातव्या बोटाला ते सहावर थांबेल आणि उत्तर सहा सांगेल. त्या मुलाला वजाबाकी येत नाही असं म्हणता येणार नाही. पहिलं बोट कुठल्या आकड्यावर टेकवायचं, एवढंच त्याचं चुकलं आहे. तिसरं मूल सातापासून पुढे जाईल: आठ, नऊ, दहा, अकरा, बारा. बोटं झाली पाच. या मुलानं वजाबाकी केलीच नाही, सातात किती मिळवले की बारा होतात ते शोधलं, आणि त्याचंही उत्तर बरोबर आहे. चौथं म्हणेल, सहा आणि सहा बारा होतात, मला सहाच्या जागी सात काढायचे आहेत, म्हणून एक कमी, पाच.

आणि मग येतात त्या दोन वाटा, ज्यांच्यासाठी हा सगळा तास आहे. पहिल्या वाटेवर बारा म्हणजे दहा आणि दोन. सात काढायचे ते सगळे दहातूनच काढायचे. तीन उरतात, त्यात बाजूचे दोन मिळवले की पाच. दुसऱ्या वाटेवर आधी ते सुटे दोन काढून टाकायचे. आता दहा राहिले, आणखी पाच काढायचे बाकी आहेत, दहातून पाच गेले, पाच. पहिलीत वजाबाकीनंतर बेरीज आहे, दुसरीत वजाबाकीनंतर पुन्हा वजाबाकी. जपानी शिक्षक या दोन्हींना वेगवेगळ्या नावांनी ओळखतात, त्यांच्यावर वाद घालतात, कोणती आधी शिकवावी याबद्दल मतं बाळगून असतात. मी स्वतः आयुष्यभर यांतली दुसरी वाट वापरत आलो आहे आणि पहिली वाट आहे हेच मला माहीत नव्हतं.

आता सातऐवजी तीन घेऊन पाहा. १२ − ३ मध्ये मूल मागे तीन पावलं मोजेल आणि नऊवर पोचेल. दशकाकडे बघायची त्याला गरजच पडणार नाही. नऊ घेतले तर? १२ − ९ मध्ये दहातून नऊ जाऊन एक उरतो, हे इतकं ठळक दिसतं की बहुतेक मुलं पहिल्याच वाटेनं जातील. सात मात्र अधेमधे आहे. मागे सात पावलं मोजताना पाय घसरतो, म्हणून मोजण्यापेक्षा बरं काहीतरी शोधावंसं वाटतं. आणि शोधायला गेलं की दोन्ही वाटा मोकळ्या असतात. वर्गात तीस मुलं असतील तर तीसजण एकसारखं करणार नाहीत. शिक्षिकांना हवं आहे ते हेच. वर्गात मतभेद व्हावेत, आणि ते बोलण्याजोगे असावेत. तीन, सात की नऊ, हे उदाहरणासाठी सुचलेले सुटे आकडे नाहीत. प्रत्येक आकडा वर्गाला निराळ्या दिशेनं नेतो.

इथे मराठी वाचकाला आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती आपल्या जिभेवर आहे. जपानी भाषेत बाराला 'जू-नि' म्हणतात. जू म्हणजे दहा, नि म्हणजे दोन. बारा उच्चारतानाच मूल 'दहा-दोन' म्हणतं, म्हणजे अर्धं गणित शब्दातच झालेलं असतं. आपल्या 'बारा'त दहा कुठे आहेत? आहेत, पण झिजून गेले आहेत. संस्कृत द्वादश म्हणजे दोन आणि दहा. त्याचं प्राकृतात बारस, बारह झालं आणि आपल्याकडे बारा. दिवाळीच्या सुरुवातीला आपण वसुबारस साजरी करतो, त्या 'बारस'मध्ये हा मधला टप्पा अजून ऐकू येतो. अकरा, बारा, तेरा, सतरा, अठरा यांच्या शेवटी जो 'रा' आहे, तो शतकानुशतकं झिजलेला 'दश' आहे. मला हे फार सुंदर वाटतं. पण सहा वर्षांच्या मुलाला तो 'रा' दिसणार नाही. त्याच्यासाठी बारा हा अकरानंतरचा एक आवाज आहे. म्हणून जपानी शिक्षिकेचं टिपण उचलून आपल्या वर्गात तसंच्या तसं वापरता येत नाही. आपल्या मुलाला आधी बारातले दहा दाखवावे लागतात, काड्यांचा एक गठ्ठा आणि बाजूला दोन सुट्या काड्या.

२०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'सत्तावीस'बरोबर 'वीस सात' असं वाचन आलं तेव्हा महाराष्ट्रात केवढा वाद झाला, ते अनेकांना आठवत असेल. तो विधानसभेपर्यंत गेला. गणिताच्या अभ्यासमंडळाच्या अध्यक्ष तेव्हा मंगला नारळीकर होत्या. आकड्यांची जुनी नावं टिकावीत असं मलाही वाटतं. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत नावातच वजाबाकी घेऊन येणारे शब्द मला सोडवत नाहीत. पण त्या वादात जो मूळ प्रश्न होता, तो याच जपानी बैठकीतला प्रश्न होता: संख्येचं नाव ऐकून मुलाला तिच्या आतलं दिसतं का? आपण तो प्रश्न वर्तमानपत्रांत आणि दूरचित्रवाणीवर चर्चिला. त्सुतातल्या शिक्षिका अशा प्रश्नावर शाळेतच, सहा वर्षांची मुलं डोळ्यांसमोर ठेवून बोलत होत्या.

या कामाला जपानमध्ये 'जुग्यो केन्क्यू' म्हणतात. जुग्यो म्हणजे वर्गातला तास, केन्क्यू म्हणजे संशोधन. तासाचं संशोधन. शब्द साधाच आहे, पण प्रयोगशाळेतला माणूस एखाद्या पदार्थाकडे जसा पाहतो तसं शिक्षकांनी पंचेचाळीस मिनिटांकडे पाहावं, अशी त्यात कल्पना आहे. सुरुवात पाठ्यपुस्तकापासून होते. हा घटक आधी कुठे आला, पुढे कुठे जाणार, दुसऱ्या प्रकाशकाच्या पुस्तकात तो कोणत्या उदाहरणानं सुरू केला आहे, तो आकडा का बदलला असेल, हे सगळं वाचून काढतात. याला निराळं नाव आहे, 'क्योझाई केन्क्यू', म्हणजे शिकवण्याच्या सामग्रीचा अभ्यास. मग टाचण लिहायला घेतात.

आपल्याकडे टाचण म्हटलं की शिक्षकांच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते मी पाहिलं आहे, त्यामुळे हे टाचण कसं असतं ते सांगतो. त्यात एका रकान्यात शिक्षिका काय विचारणार ते असतं. त्या मुख्य प्रश्नाला 'हात्सुमोन' म्हणतात, आणि त्याचा शब्द न् शब्द ठरवलेला असतो, कारण 'किती उरले?' आणि 'किती उरले ते तू कसं शोधशील?' हे दोन प्रश्न वर्गाला वेगवेगळीकडे नेतात. शेजारच्या रकान्यात मुलं काय उत्तर देतील, याचे अंदाज असतात. बरोबर उत्तरं असतात आणि चुकीचीही असतात. मघाशी मी कागदावर जे प्रकार मांडले, तसे सगळे. सहा असं उत्तर येईल, ते मागे मोजण्यातल्या चुकीमुळे येईल, ते आलं तर काय विचारायचं, हे आधीच लिहून ठेवलेलं असतं. टाचणाचा खरा जीव या रकान्यात आहे. एकट्या शिक्षकाला चार प्रकार सुचतील. चारजण बसले तर दहा सुचतात, कारण प्रत्येकाच्या आठवणीत वेगळी मुलं असतात.

फळ्याचाही आराखडा काढलेला असतो. फळ्यावर काय कुठे येईल ते आधी ठरतं, आणि तासाभरात जे लिहिलं ते शक्यतो पुसायचं नाही असा रिवाज आहे. डावीकडे प्रश्न, मग मुलांच्या वेगवेगळ्या रीती शेजारी शेजारी, उजवीकडे शेवटी जे हाती लागलं ते. तास संपला की फळ्यावर त्या तासाची पूर्ण गोष्ट उभी असते, आणि मागे बसलेलं मूलही मध्येच हरवलं असेल तर डावीकडून वाचत पुढे येऊ शकतं. जपानी भाषेत याला 'बानशो' म्हणतात.

ठरलेल्या दिवशी बैठकीतली एक शिक्षिका शिकवते. बाकीच्या, आणि पुष्कळदा शाळेतले इतर सगळे शिक्षक, वर्गात कडेनं उभे राहतात. त्यांना मोकळं करता यावं म्हणून अनेक ठिकाणी इतर वर्ग त्या दिवशी लवकर सोडतात आणि हा एकच वर्ग मागे थांबतो. प्रत्येकाच्या हातात टाचण असतं, मुलांच्या बसण्याचा नकाशा असतो. नियम सरळ आहेत. मुलांना मदत करायची नाही, खुणा करायच्या नाहीत, आपापसांत बोलायचं नाही. मुलं काय करतात ते पाहायचं आणि लिहायचं. शिक्षिका प्रश्न टाकते, मुलं आपापल्या वहीत झगडतात, ती बाकांमधून फिरत कुणी कोणती रीत वापरली ते मनात टिपत जाते आणि मग कुणाला कोणत्या क्रमानं फळ्याजवळ बोलवायचं ते ठरवते. त्यानंतर जी चर्चा होते, तिला 'नेरिआगे' म्हणतात. मुळात शब्द मळण्याचा, तिंबण्याचा आहे. कणीक तिंबत जावी तशा मुलांच्या रीती एकमेकींत मिसळत, ताणल्या जात, शेवटी लवचीक होतात. आपल्याकडच्या कुठल्याही घरात हा शब्द लगेच समजेल.

या पाहणाऱ्या डोळ्यांची गरज काय, हे मला १२ − ७ नंच शिकवलं. उभ्या मांडणीत मुलांची एक चूक जगभर दिसते. वरच्या दोनातून सात जात नाहीत, मग मूल उलटं करतं, सातातून दोन काढतं. इथे सातातून दोन गेले पाच. आणि खरं उत्तरही पाच. त्या मुलानं दशकातला एक तसाच खाली आणला तर पंधरा लिहील आणि चूक उघडी पडेल. पण 'एक दिला' म्हणून तो खोडला, तर वहीत पाच दिसेल, त्यावर बरोबरची खूण होईल, आणि आतली चूक पुढच्या इयत्तेत जाईल. कागदावर मांडत गेलो तेव्हा दिसलं की असं ११ − ६, १२ − ७, १३ − ८ आणि १४ − ९ या चारांतच घडतं, जिथे उत्तर पाच असतं. १३ − ९ मध्ये उलटी वजाबाकी सहा देते, खरं उत्तर चार, चूक लपत नाही. म्हणजे विचारांच्या दोन्ही वाटा मोकळ्या ठेवणारं हे सुरेख उदाहरण एका विशिष्ट चुकीला लपायला जागाही देतं. ते मूल कसं पोचलं हे कळायला उत्तर पुरत नाही. कुणीतरी त्या मुलाच्या हाताकडे बघत उभं असावं लागतं. तीस मुलांच्या वर्गात शिकवणाऱ्या एकट्या माणसाला ते शक्य नाही.

तास झाला की सगळे बसतात. आधी शिकवणारी शिक्षिका बोलते: काय ठरवलं होतं, काय घडलं, कुठे अडलं. मग पाहणारे आपापली टिपणं मांडतात. बोलणं तासाबद्दल चालतं. 'तुम्ही हा प्रश्न असा का विचारला' ऐवजी 'आपण ठरवलेला हा प्रश्न विचारल्यावर खिडकीजवळच्या मुलीनं पाच मिनिटं काही लिहिलं नाही' असं. टाचण सगळ्यांनी मिळून लिहिलेलं असल्यामुळे चूक कुणा एकाची राहत नाही. अखेरीस बाहेरून बोलावलेला एखादा अनुभवी माणूस, विद्यापीठातला किंवा जुना मुख्याध्यापक, समारोप करतो. त्सुतामध्ये यानंतर टाचण दुरुस्त झालं आणि दुसऱ्या शिक्षिकेनं तोच तास दुसऱ्या वर्गावर घेतला. तो पाहायलाही सगळे हजर होते.

काही तास तर जाहीर असतात. टोकियोत त्सुकुबा विद्यापीठाला जोडलेली प्राथमिक शाळा आहे, तिथल्या खुल्या तासांना देशभरातून शिक्षक येतात. वर्गात मावत नाहीत, म्हणून मोठ्या सभागृहात वर्ग मांडतात आणि शेकडो शिक्षक भोवती बसून तिसरी-चौथीचा गणिताचा एक तास पाहतात. नाटकाला जावं तशी गर्दी एका भागाकारासाठी होते, ही गोष्ट मला अजूनही नवलाची वाटते.

ही रीत जुनी आहे. १८७२मध्ये जपाननं नवा शिक्षण कायदा केला, त्याच वर्षी टोकियोत शिक्षकांना घडवणारी पहिली सरकारी शाळा निघाली. त्याआधीच्या देवळाशी नातं सांगणाऱ्या छोट्या शाळांत, आपल्याकडच्या पंतोजींच्या शाळेसारखं, प्रत्येक मूल आपापल्या गतीनं शिकत असे. सबंध वर्गाला एकदम शिकवणं कुणालाच माहीत नव्हतं. ते दाखवायला मॅरियन स्कॉट नावाचे अमेरिकन शिक्षक आणले गेले. शिक्षक होऊ पाहणारे तरुण त्यांचा वर्ग बघत बसले, पाहिलेलं टिपलं, आणि पुढे गावोगावच्या अध्यापनशाळांत जाऊन एकमेकांचे वर्ग पाहू लागले. पाहून शिकायची ती सवय दीडशे वर्षं टिकली.

बाहेरच्या जगाला मात्र तिचा पत्ता उशिरा लागला. १९९४-९५मध्ये आठवीच्या गणिताच्या २३१ तासांचं चित्रण झालं, जर्मनीचे १००, जपानचे ५०, अमेरिकेचे ८१. जेम्स स्टिगलर आणि जेम्स हिबर्ट यांनी त्यावर १९९९मध्ये पुस्तक लिहिलं, आणि जपानचा तास इतका वेगळा का, याचं उत्तर शोधताना ते या बैठकांपर्यंत पोचले. पुढे झांबियासारख्या देशानं २००५पासून जपानच्या मदतीनं ही पद्धत आपल्या शाळांत रुजवायला घेतली.

त्याच १९९९मध्ये लिपिंग मा यांचं पुस्तक आलं, आणि त्यातलं एक उदाहरण मराठी माणसानं वाचायलाच हवं. लिपिंग मा शांघायच्या. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात त्यांना खेड्यात पाठवलं गेलं आणि तिथे त्या शिक्षिका झाल्या. पुढे त्यांनी अमेरिकेत केलेल्या संशोधनात चीन आणि अमेरिका या दोन्ही देशांतल्या प्राथमिक शिक्षकांना विचारलेला एक प्रश्न होता: पावणेदोनाला अर्ध्यानं भागा, आणि हा भागाकार ज्यात येईल अशी एक गोष्ट सांगा. अमेरिकेतल्या २३ शिक्षकांपैकी २१ जणांनी भागाकार करून पाहिला, त्यांतल्या ९ जणांचं उत्तर पूर्ण बरोबर आलं. गणिताला धरून असलेली गोष्ट फक्त एकाला सांगता आली. चीनमधल्या ७२च्या ७२ शिक्षकांना भागाकार आला आणि त्यांतल्या ९० टक्क्यांनी योग्य गोष्टी रचल्या. चिनी शिक्षकांचं औपचारिक शिक्षण अमेरिकनांपेक्षा कमी होतं. मग हे त्यांच्याकडे आलं कुठून? त्याचं एक मोठं कारण असं की तिथे गणिताचे शिक्षक शाळेतच गट करून नेमानं बसतात, पुस्तक मिळून वाचतात, एकमेकांचे वर्ग पाहतात. पावणेदोन किलो साखरेच्या अर्ध्या अर्ध्या किलोच्या पुड्या बांधल्या तर किती होतील? साडेतीन. आपल्या आजोबांनी पावकी आणि निमकी पाठ केली होती, त्यांना हा प्रश्न कठीण गेला नसता. पावणेदोन, साडेतीन असे शब्द असलेली भाषा आपल्याकडे आहे, आणि तरी आपल्या वर्गात मुलं अपूर्णांकाला घाबरतात.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल की शिक्षकांना एकत्र बसवलं की काम झालं. तसं नाही. इंग्लंडमध्ये १८१ शाळांत जुग्यो केन्क्यूच्या एका रूपाची चाचणी झाली, २०१७मध्ये निष्कर्ष आले, आणि मुलांच्या गणितात किंवा वाचनात फरक पडल्याचा पुरावा मिळाला नाही. त्याच वर्षी अमेरिकेतल्या कॅथरीन लुईस आणि रिबेका पेरी यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात शिक्षकांचे ३९ गट होते. काही गटांना अपूर्णांकांवरचा निवडक साहित्यसंच दिला होता, त्यात जपानी पाठ्यपुस्तकातला भाग होता, संख्यारेषेवर अपूर्णांक कसा दाखवावा याचं साहित्य होतं. त्या गटांतल्या शिक्षकांची समज वाढली आणि त्यांच्या मुलांचीही. माझं मत असं की फरक या संचात आहे. टेबलाभोवती चारजण बसले पण टेबलावर काही नसलं तर बोलणं हवेत जातं. त्सुतातल्या टेबलावर पाठ्यपुस्तकं होती, पानं होती, १२ − ७ होतं. दुसरी बाजूही सांगायला हवी. २०१८च्या आंतरराष्ट्रीय पाहणीत जपानच्या माध्यमिक शाळेतला शिक्षक आठवड्याला ५६ तास काम करत असल्याचं दिसलं, पाहणीतल्या सगळ्या देशांत सर्वाधिक. एका तासामागचे हे इतके तास कुणाच्या तरी संध्याकाळींमधून येतात. शिक्षकांना वेळ न देता हे काम त्यांच्या डोक्यावर ठेवणं मला मान्य नाही.

आणि आपल्याकडे? डी.एड.चे सराव पाठ ज्यांनी दिले आहेत त्यांना आठवेल, वर्गात मागच्या बाकांवर आपलेच सोबती वही घेऊन बसलेले असत. नोकरी लागली की तो मागचा बाक रिकामा होतो. त्यानंतर वर्गात कुणी येतं ते बहुधा तपासणीला. जिल्हा परिषदेच्या कित्येक शाळा द्विशिक्षकी आहेत, एकेका शिक्षकाकडे दोन-दोन वर्ग असतात. लहान वर्गांच्या शिक्षिका एका टेबलाभोवती, हे चित्र तिथे कुठून येणार? पण आसपासच्या शाळांच्या एका केंद्रातले शिक्षक महिन्यातून एकदा शिक्षण परिषदेला जमतात. पहिलीला शिकवणारे दहाबाराजण तिथे एका छताखाली असतात, आणि ज्या शाळेत ते जमतात तिथे एक पहिलीचा वर्गही असतो.

म्हणून केंद्रप्रमुखांना आणि गुरुजींना, बाईंना माझी विनंती आहे. पुढच्या परिषदेतला एक तास परिपत्रकांतून मोकळा करा. पहिलीचं एकच उदाहरण निवडा, १२ − ७ घ्या किंवा त्याला आव्हान देत १३ − ९ घ्या. मुलं काय काय करतील ते सगळ्यांनी मिळून फळ्यावर लिहा, चुकांसकट. मग एकानं तो तास घ्यावा, आणि बाकीच्यांनी एकेका मुलाशेजारी गप्प बसून त्याची बोटं काय करतात ते वहीत उतरवावं. संध्याकाळी ती पानं एकमेकांना वाचून दाखवा. आणि ती टिपणं जपून ठेवा, पुढच्या जूनमध्ये जे शिक्षक पहिलीचा वर्ग घेतील त्यांच्या हाती द्या.